रेणूच्या मोजपट्टीची परीक्षा

प्रथिनाच्या एका रेणूवर दोन ठिकाणी दोन रंजके बसवावीत, त्यांपैकी एकावर लेसरचा प्रकाश टाकावा, आणि दुसरे किती उजळते यावरून त्या दोन ठिकाणांमधील अंतर काढावे, ही कल्पना आपल्या विद्यार्थ्यांस आता अपरिचित राहिलेली नाही. परंतु ती जितकी परिचित होत चालली आहे, तितकीच तिच्याविषयीची भाषा सैल होत चालली आहे, असे प्रस्तुत लेखकास दिसते. काही महिन्यांपूर्वी एका प्रबंधाच्या मसुद्यात ‘रेणूच्या या दोन स्थानांमधील अंतर 52.37 अँगस्ट्रॉम असल्याचे प्रत्यक्ष पाहण्यात आले’ असे वाक्य वाचनात आले. ‘प्रत्यक्ष’ हा शब्द, ‘पाहण्यात आले’ हे क्रियापद आणि दशांशचिन्हापुढील दोन अंक, असे या एका वाक्यात तीन दोष आहेत. मसुदा लिहिणाऱ्यास त्याबद्दल फारसा बोल लावता येत नाही. ही भाषा आपण अध्यापकांनीच त्यास शिकविली आहे.

या वाक्याची शहानिशा करण्यास एक चांगले निमित्त उपलब्ध आहे. ‘नेचर मेथड्स’ या नियतकालिकात 2023 साली एक परीक्षात्मक निबंध प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या देशांतील 19 प्रयोगशाळांनी तीच दोन प्रथिने, उत्तर आधी ठाऊक नसताना, या पद्धतीने मोजली, आणि त्यांची उत्तरे नंतर ताडून पाहण्यात आली. निष्कर्ष थोडक्यात असा: ऊर्जासंक्रमणाच्या कार्यक्षमतेतील अनिश्चितता 0.06 किंवा त्याहून कमी. अंतरांच्या बाबतीत प्रयोगशाळांचा परस्परांशी मेळ 2 अँगस्ट्रॉमच्या आत. आणि अपेक्षित अंतराशी मेळ 5 अँगस्ट्रॉमच्या आत. हे तीन आकडे आता सर्वत्र उद्धृत होतात. ते खरे आहेत. पण ते कशाविषयी खरे आहेत, हे विचारल्याखेरीज त्यांचा आधार घेणे योग्य नव्हे.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. उत्तेजित झालेले रंजक आपली ऊर्जा प्रकाशरूपाने न टाकता जवळच्या दुसऱ्या रंजकास परभारे देऊ शकते. या संक्रमणाचा सिद्धांत थेओडोर फर्स्टर यांनी 1940 नंतरच्या दशकात मांडला. त्याचे मर्म असे, की दाता व ग्राही यांमधील अंतर वाढले की संक्रमणाचा वेग अंतराच्या सहाव्या घाताने घसरतो. ज्या अंतरावर निम्मी ऊर्जा संक्रमित होते त्यास फर्स्टर-अंतर म्हणतात. नेहमीच्या रंजकजोड्यांसाठी ते 50 ते 60 अँगस्ट्रॉमच्या आसपास असते. प्रथिनाचा पसाराही याच मापाचा असल्यामुळे निसर्गाने ही पट्टी जणू जीवरसायनज्ञांसाठीच आखून ठेवली आहे, असे वाटावे.

‘पट्टी’ हा शब्द या क्षेत्रात 1967 साली आला. स्ट्रायर व हॉगलंड यांनी प्रोलीन या अमिनो अम्लाच्या साखळ्यांच्या दोन टोकांस दाता व ग्राही जोडले, साखळीतील प्रोलीनांची संख्या एकापासून बारापर्यंत वाढवीत नेली, आणि सहाव्या घाताचा नियम पडताळून पाहिला. बहुप्रोलीन ही ताठ काठी आहे, हे त्यात गृहीत होते. तो प्रयोग आजही आदर्श म्हणून शिकविला जातो, आणि ते उचितच आहे. मात्र त्याचा उत्तरार्ध आपल्या वर्गांतून क्वचितच सांगितला जातो. 2005 साली शूलर व त्यांचे सहकारी यांनी तीच काठी, एकेका रेणूची प्रतिदीप्ती मोजून, पुन्हा तपासली. लांब साखळ्यांच्या बाबतीत मोजलेले अंतर ताठ काठीस साजेसे येईना. पुढील कामातून असे दिसून आले, की काही रेणूंमध्ये एखादा प्रोलीन उलट वळणाने बसलेला असतो आणि तेथे काठीस बाक येतो. म्हणजे ज्या गजाने पट्टी प्रमाणित केली, तो गजच वाकडा होता. आणि त्याचे वाकडेपण दाखविण्यास त्याच पट्टीची सुधारलेली आवृत्ती उपयोगी पडली. पट्टी आणि प्रमाण यांपैकी कोण कोणाची परीक्षा घेत आहे, हा प्रश्न या विद्येत असा प्रथमपासूनच गुंतलेला आहे.

हा प्रश्न आमच्या किनाऱ्यासही नवा नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून भूचुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरताच त्या प्रवाहामुळे नोंदी दूषित होणार हे उघड झाले. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेधांचे काम 1904 साली समुद्रापलीकडे अलिबागेस हलविण्यात आले. एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्यास, असे म्हणण्यास हरकत नाही, कारण अलिबागेसमोरच्या जलदुर्गाचे नावही कुलाबाच, आणि त्याच्यावरूनच आजच्या रायगड जिल्ह्यास 1981 पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत. ट्राम प्रत्यक्ष धावली ती 1907 साली. तत्पूर्वी मूस यांनी जे केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जुने ठाणे त्यांनी लगेच बंद केले नाही. 1904 ते 1906 या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, आणि एका ठाण्याच्या आकड्यांचा दुसऱ्याच्या आकड्यांशी संबंध निश्चित केला. त्यामुळेच कुलाब्याची जुनी मालिका अलिबागेच्या मालिकेस जोडता आली, आणि ती आजतागायत अखंड मानली जाते.

या जोडनोंदींनी काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही? दोन ठाण्यांचा परस्परसंबंध सिद्ध झाला. दोहोंपैकी खरे कोणते, हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि तसा दावाही कोणी केला नाही. दोन्हीकडे एकच चूक असती तर ती तुलनेत दिसलीच नसती. शिवाय अलिबागेची इमारत अचुंबकीय द्रव्यांची बांधावी लागली, कारण भिंतीतील लोखंडी खिळासुद्धा येथे उपकरणाचाच भाग होऊन बसतो. 2023 च्या निबंधाकडे याच दोन दृष्टींनी पाहिले पाहिजे: मेळ कोणाचा कोणाशी आहे, आणि खिळा कोठे आहे?

मेळाचा विचार आधी. परस्परांशी 2 अँगस्ट्रॉम आणि अपेक्षिताशी 5, या दोन आकड्यांमधील तफावत हाच माझ्या मते त्या निबंधातील सर्वांत बोलका भाग होय. प्रयोगशाळा एकमेकींशी जितक्या सहमत आहेत तितक्या त्या ‘सत्याशी’ सहमत नाहीत. याचा सरळ अर्थ असा, की उरलेल्या तफावतीतील काही वाटा सर्वांना सामाईक आहे, आणि प्रयोगशाळांची संख्या 19 वरून 190 केली तरी तो नाहीसा होणार नाही. येथे ‘सत्य’ म्हणजे तरी काय, तर प्रथिनाची स्फटिकावरून आधी ठाऊक असलेली रचना, आणि तिच्यावर रंजके कोठे कोठे वावरू शकतील याचे गणकयंत्राने काढलेले अनुमान. म्हणजे 5 अँगस्ट्रॉममध्ये मोजणीची चूक, रंजकाच्या प्रतिमानाची चूक, आणि स्फटिकातील रचना व द्रावणातील रचना यांतील खरा फरक, ही तिन्ही एकाच पोत्यात भरलेली आहेत. लेखकांनी हे लपविलेले नाही. पण सारांश वाचून थांबणाऱ्या वाचकास ते कळत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेक सारांश वाचूनच थांबतात.

आता खिळा. तो म्हणजे रंजक. ते प्रथिनास ताठ चिकटविलेले नसते. लवचीक दुव्याने जोडलेले असल्याने जोडस्थानापासून सुमारे 20 अँगस्ट्रॉमपर्यंतच्या टापूत ते हिंडत असते. खुंट्यास दाव्याने बांधलेल्या गुरासारखे. आपल्यास हवे असते ते दोन खुंट्यांमधील अंतर. मोजतो ते दोन गुरांच्या दरम्यानचे. गुरे मोकळेपणी चरत असतील तर त्यांच्या सरासरी स्थानावरून खुंट्याचा अदमास बांधता येतो. पण एखादे रंजक प्रथिनाच्या अंगास चिकटून बसले, तर त्याचे सरासरी स्थान बदलते आणि शिवाय दात्याची ग्राहीच्या संदर्भातील दिशाही गोठते. दिशेचा हा गुणक रंजके मुक्तपणे फिरत असताना दोन तृतीयांश मानतात. दोन्ही एका रेषेत गोठली तर तो 4 होतो. तितक्याच कार्यक्षमतेसाठी अंतराचा अंदाज मग सुमारे 35 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे 50 अँगस्ट्रॉमचे 67 होतात. ही टोकाची स्थिती झाली, व्यवहारात ती क्वचितच येते, तथापि 52.37 लिहिणाऱ्याने ती एकदा तरी डोळ्यांपुढे आणावी. रंजकामुळे होणारा बिघाड कसा ओळखावा, याची 2023 च्या निबंधातील चर्चा अत्यंत उपयुक्त असून ती प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने मुळातून वाचण्याजोगी आहे.

0.06 या आकड्याबाबतही एक सावधगिरी हवी. फर्स्टर-अंतर 50 अँगस्ट्रॉम धरून गणित केल्यास, निम्म्या कार्यक्षमतेच्या ठिकाणी 0.06 ची अनिश्चितता बरोबर 2 अँगस्ट्रॉमची होते. परंतु दोन स्थाने 75 अँगस्ट्रॉम दूर असतील, तर तीच 0.06 ची अनिश्चितता 10 अँगस्ट्रॉमपर्यंत जाते; आणि ती 25 अँगस्ट्रॉमवर असतील तर 16 च्याही पुढे. याचे कारण सहावा घातच होय. पट्टीच्या मधल्या भागात खुणा दाट आहेत, टोकांकडे त्या पुसट होत जातात. म्हणून ‘ही पद्धत 2 अँगस्ट्रॉमपर्यंत अचूक आहे’ असे सरसकट विधान करणे म्हणजे, पट्टीचा मधला वीतभर भाग पाहून सगळ्या पट्टीचा दाखला देण्यासारखे आहे.

तेव्हा ही पट्टी टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. माझी तक्रार उलट आहे. जे हिचे खरे बळ आहे त्याचा गौरव न करता आपण जेथे ती दुबळी आहे तेथे तिची स्तुती करीत बसतो. केवळ अंतरच हवे असेल, तर क्ष-किरण स्फटिकशास्त्र आणि अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन त्याहून पुष्कळ सूक्ष्म माप देतात. स्थिर रचनेचे भाकीत तर आता गणकयंत्रही करू लागले आहे. 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा भाग त्याच कामास मिळाला. प्रथिन स्थिर बसत नाही, ही गोष्ट मात्र या पद्धतींतून आडवळणानेच कळते. एकेका रेणूच्या प्रतिदीप्तीत ती समोर येते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखादे प्रथिन अर्धा वेळ मिटलेले असते व तेव्हा दोन रंजकांमधील अंतर 40 अँगस्ट्रॉम असते; अर्धा वेळ ते उघडे असते, तेव्हा 60. फर्स्टर-अंतर 50 असल्यास पहिल्या अवस्थेत कार्यक्षमता 0.79 आणि दुसऱ्या अवस्थेत 0.25 येईल. परीक्षानळीतील अब्जावधी रेणूंची एकत्रित मोजणी केली तर त्यांची सरासरी 0.52 मिळेल, आणि तिच्यावरून अंतर निघेल 49.3 अँगस्ट्रॉम. या अंतरावर तो रेणू क्षणभरही नसतो! हेच रेणू विरल द्रावणात एकेक करून लेसरच्या झोतातून जाऊ दिले, आणि प्रत्येकाची कार्यक्षमता वेगळी नोंदविली, तर आलेखात 0.79 व 0.25 या ठिकाणी दोन स्वतंत्र शिखरे उभी राहतात. सरासरीने जे गाडले ते वितरणाने वर काढले. एकरेणू मापनाचे सारे तेज या एका गोष्टीत आहे. दोन शिखरांची अंतरे 3 अँगस्ट्रॉमने चुकली तरी शिखरे दोन आहेत हा निष्कर्ष ढळत नाही.

परंतु येथेही एक गोम आहे. रेणू झोतातून जातो तो सुमारे एका सहस्रांश सेकंदात. उघडझाप त्याहून सावकाश असेल तर दोन शिखरे दिसतात; त्याहून बरीच जलद असेल तर झोतातच तिची सरासरी होऊन 0.52 चे एकच शिखर उरते, आणि एकेक रेणू मोजूनही आपण पुन्हा परीक्षानळीतच येऊन पडतो. तेव्हा शिखराची रुंदी केवळ प्रकाशकणांच्या संख्येमुळे यावी त्याहून अधिक आहे काय, आणि दात्याच्या उत्तेजित अवस्थेचा आयुःकाल कार्यक्षमतेशी जुळतो काय, हे पाहावे लागते. 2023 च्या परीक्षेत पहिले प्रथिन माल्टोज या शर्करेस धरून मिटणारे, जिवाणूतील होते. ही हालचाल तशी समजण्यास सोपी. दुसरे होते मानवी पेशीतील ‘यू-टू-ए-एफ-टू’. त्याचे दोन भाग लवचीक दुव्याने जोडलेले असून जलद हालचाल करतात. परीक्षकांनी हे दुसरे प्रथिन निवडले यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. सोप्या प्रथिनावरच थांबले असते तर आकडे अधिक देखणे आले असते.

‘एकरेणू’ या नावाविषयी जाता जाता एक शब्द. एका रेणूकडून एका फेरीत हाती येतात ते पन्नास ते शंभर प्रकाशकण. शंभर कण आणि निम्मी कार्यक्षमता धरली तर केवळ संख्याशास्त्रामुळे येणारी अनिश्चितता 0.05 होते. म्हणजे एकट्या रेणूविषयी एका फेरीत आपण फारच थोडे जाणतो; जाणतो ते हजारो रेणूंच्या एकेकट्या मोजण्यांचे वितरण. प्रयोग एकेका रेणूचा, पण निष्कर्ष समुदायाचाच. आपण एकट्या अणूवर वा रेणूवर कधीच प्रयोग करीत नसतो, असे श्रोडिंगर यांनी 1952 साली म्हटले होते, आणि 1989 पासून मोअर्नर व इतरांच्या प्रयोगांनी ते खोडून निघाले, हे खरे. पण ते पुरतेपणी खोडून निघाले असे मानण्याची घाई नको.

ही सारी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या प्रथिनांची स्फटिकावरून रचना ठाऊक आहे तेथे पट्टी चुकली तर ते कळून येईल. प्रश्न निश्चित घडी नसलेल्या, सैल प्रथिनांचा आहे. तेथे ताडून पाहण्यास स्फटिक नाही, आणि नेमकी तेथेच ही पद्धत सर्वाधिक वापरली जाते. अशा साखळ्या विकृतिकारी द्रव्याचे प्रमाण घटवीत नेले असता आकसतात काय, यावर प्रतिदीप्ती आणि क्ष-किरणांचे लघुकोन-विकिरण या दोन पद्धतींमध्ये कित्येक वर्षे वाद होता. पहिली म्हणे आकसतात. दुसरी म्हणे फारसे नाही. दोन्ही पक्षांस वाटे की दुसऱ्याच्या उपकरणात खोट आहे. 2016-17 च्या सुमारास त्याच रेणूंवर दोन्ही मापे घेतल्यावर उलगडा झाला तो निराळाच. एक पद्धत टोकांमधील अंतर मोजते, दुसरी साखळीचा एकंदर पसारा. एकावरून दुसरे काढण्यासाठी जे साधे प्रतिमान वापरीत, ते या साखळ्यांना लागू पडत नव्हते. बव्हंशी चूक दोन्ही मोजण्यांत नव्हती, मोजणीकडून निष्कर्षाकडे जाण्याच्या पायरीवर होती. रंजकांमुळेच साखळी आकसते काय, हा प्रश्न मात्र त्यानंतरही लढविला गेला.

असाच सावधपणा मोजण्याच्या दुसऱ्या एका प्रकारातही लागतो, आणि त्याचे उदाहरण मांडव्याच्या धक्क्यापलीकडे खाडीपार, मुंबईच्या कुलाब्यातच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती व त्यांचे सहकारी यांनी अल्झायमर विकाराशी निगडित असलेल्या प्रथिनाच्या लहान पुंजक्यांचा अभ्यास प्रतिदीप्तीच्या साहाय्याने केला आहे. पुंजक्यातील रंजके एकेक करून विझतात तसतसा प्रकाश पायरीपायरीने उतरतो; पायऱ्या मोजल्या की घटकरेणूंची संख्या कळते. येथे अंतराचे प्रतिमान लागत नाही, फक्त मोजदाद लागते, म्हणून ही रीत मला विशेष रुचते. तरी तिलाही तिचा खिळा आहे: प्रत्येक घटकावर जिवंत रंजक असेलच असे नाही. शंभरांपैकी ऐंशींवरच ते असेल, तर चार घटकांच्या पुंजक्यांपैकी चारही पायऱ्या दाखविणारे केवळ 41 टक्के असतात. उरलेले तीन, दोन वा एका घटकाचे भासतात, आणि क्वचित एखादा दिसतच नाही. गणिताने ही दुरुस्ती करता येते. केवळ पायऱ्यांचा आलेख छापून ही दुरुस्ती गाळणाऱ्या निबंधावर मात्र फार भिस्त ठेवता येणार नाही.

2023 च्या परीक्षेबाबत एक उणीव नोंदवितो. सहभागी प्रयोगशाळा या कामात मुरलेल्या आहेत. त्यांच्या हातून येणारी अनिश्चितता ही पद्धतीची किमान अनिश्चितता होय, सर्वसाधारण नव्हे. नवे यंत्र घेऊन पहिल्याच वर्षी मोजणी करणाऱ्या विभागाने तो 0.06 चा आकडा आपल्या निबंधात उसना घेऊ नये. मूस यांनी दोन वर्षे दोन्ही ठाणी चालविली ती आपल्याच नोंदींसाठी. दुसऱ्या कोणत्या वेधशाळेचा फरक आणून त्यांनी आपल्या कोष्टकात भरला नाही.

त्या प्रबंधाचा सुधारलेला मसुदा अलीकडेच हाती आला. ते वाक्य आता असे आहे: ‘दोन रंजकांच्या सरासरी स्थानांमधील अंतर, रंजके मुक्तपणे फिरतात असे गृहीत धरून, सुमारे 52 अँगस्ट्रॉम येते, आमच्या यंत्रावर पुन्हा पुन्हा केलेल्या मोजण्यांतील फरक 3 अँगस्ट्रॉम आहे.’ खाली कोष्टक जोडले असून त्यात प्रत्येक मोजणीतील रेणूंची व प्रकाशकणांची संख्या दिली आहे. समासात कोणा वाचकाने ‘वाक्य फार लांबले’ असा शेरा मारला आहे. तो शेरा विद्यार्थ्याने मनावर घेऊ नये, असे मी त्यास कळविले आहे.